बॅटरीचं तापमान कमी आहे

धनराजशेठच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कोल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या थंड खोलीत, शिरायचा नियम अगदी सोपा होता. दाराबाहेर भिंतीला चार हुक, हुकांवर चार जाड निळे कोट. आत जाणाऱ्याने कोट घालायचा, बाहेर आलं की परत टांगायचा. हुक रिकामा दिसला तर आत माणूस आहे असं समजायचं, आणि चारही कोट जागेवर असले की दार लावून घ्यायचं. आत डोकावायची, हाक मारायची गरजच नाही. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की गारवा जातो आणि शेठचं डोकं तापतं. हा नियम मशीन सांभाळणाऱ्या जीवनने काढला होता, आणि त्याचा त्याला एवढा अभिमान होता की नव्या माणसाला तो आधी कोट दाखवायचा आणि मग नाव विचारायचा.

त्या दिवशी योगिनीने कोट घातला नाही.

योगिनी तिथली क्वालिटीची मुलगी. रोज नाशिक रोडहून स्कूटीवर सायखेड्याच्या अलीकडच्या या पॅकहाऊसला यायची, परदेशी जाणाऱ्या द्राक्षांची गोडी मोजायची, बॉक्सचे फोटो काढायची आणि दिवसभर पॅकिंगच्या बायकांशी हुज्जत घालायची. आज बाजाराचा दिवस, म्हणून काम लवकर आवरून बायका पिकअपमध्ये बसून सायखेड्याला गेल्या होत्या. योगिनीचीही निघायची घाई होती, तेवढ्यात शेवटच्या पॅलेटवर रचलेल्या बॉक्सच्या लेबलचा फोटो पुसट आल्याचं तिच्या लक्षात आलं. एक फोटो, दोन मिनिटांचं काम. त्यासाठी सगळ्यांच्या घामाचा वास मारणारा तो कोट कोण चढवणार? हॉलमध्ये कुसाबाई झाडू मारत होती. बॉक्स फिरवायला म्हणून योगिनीने तिलाही बरोबर घेतलं. दोघी तशाच आत गेल्या, आणि पार मागच्या रांगेत जाऊन बॉक्सशी झटापट करू लागल्या.

जीवनला नाशिकला द्वारका चौकात जाऊन पॅलेट आवळायच्या पट्ट्या आणायच्या होत्या. दुकान बंद व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून तो धावतच आला, त्याने हुकांकडे पाहिलं, चारही कोट टांगलेले होते. त्याने बाहेरून दिव्याचं बटण बंद केलं, दार ढकललं, मोठा खटका ओढला आणि मोटरसायकलला किक मारली. नियमात त्याची काही म्हणता काही चूक नव्हती.

आत अंधार झाला तेव्हा योगिनीला वाटलं, लाईट गेली. पण डोक्यावर गार हवा फेकणारे पंखे तर घरघरत होते. मग दाराचा तो जाड, दबका आवाज तिच्या कानावर आला.

"जीवनदादा! ओ जीवनदादा! आत आहोत आम्ही!"

मोबाईलची टॉर्च लावून ती दाराकडे पळाली. आतल्या बाजूला एक हिरवी गोल मूठ असते, ती ढकलली की बाहेरचा खटका सुटतो. म्हणजे सुटायला हवा. संक्रांतीपासून ती मूठ नुसतीच गोल फिरत होती, आणि हंगाम संपला की बघू, असं शेठने सांगितलं होतं. योगिनीने ती दोन्ही हातांनी फिरवली, ढकलली, शेवटी लाथ घातली. कुसाबाईने दारावर मुठी आपटल्या. पण पत्र्यांच्या मधे वीतभर फोम भरलेलं ते दार, पलीकडे रिकामा हॉल आणि त्याच्या पलीकडे कॉम्प्रेसरचा आवाज. त्यांच्या हाका त्यांच्याच कानात परत येत होत्या.

"कुणी येईल की आता," कुसाबाई म्हणाली.

"कोण येणार, मावशी? सकाळी कंटेनर लागल्याशिवाय हे दार उघडत नाही."

हे बोलून झाल्यावर योगिनीला स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ कळला. आत शून्याच्या जेमतेम वर तापमान होतं. तिच्या अंगात सुती कुर्ता आणि वर पातळ एप्रन. कुसाबाईच्या अंगावर नऊवारी आणि विटलेला ब्लाउज. कोट घालूनसुद्धा जीवन इथे फार वेळ थांबत नसे. सकाळपर्यंत आपण जिवंत राहत नाही, हे तिने तिथल्या तिथे ओळखलं, आणि ते कुसाबाईला सांगायचं नाही असंही ठरवलं. कुसाबाईला ते सांगायची गरज नव्हती, तिनेही ते ओळखलं होतं. पेठकडच्या डोंगरातली ती, दर हंगामाला नवरा झिपरूबरोबर द्राक्षांच्या कामाला खाली यायची. झिपरू बाजारात गेला होता आणि बायको इतर बायकांबरोबर असेल असं समजून निवांत फिरत असणार. योगिनीच्या आईला तर लेकीच्या उशिराची सवयच होती.

दाराच्या वरच्या कोपऱ्याशी हात उंच धरला की फोनला एखादी काडी नेटवर्क यायचं. योगिनीने जीवनला फोन लावला. रिंग गेली, गेली, आणि थांबली. पुन्हा लावला. द्वारकेच्या चौकात ट्रक, रिक्षा आणि बसच्या हॉर्नमध्ये माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, खिशातला फोन काय ऐकू येणार? मग तिने मनाचा हिय्या करून धनराजशेठला लावला. शेठचा बंगला पॅकहाऊसच्या मागेच, द्राक्षबागेच्या कडेला. शेठने फोन कापला. पाठोपाठ एक तयार मेसेज आला, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करतो. मीटिंग कसली, हे योगिनीला ठाऊक होतं. या वेळेला शेठ सोफ्यावर आडवे होऊन मॅच बघत असत.

"कोल्डमध्ये अडकलोय, दार उघडा," एवढं तिने घाईघाईने लिहिलं, शेठला, जीवनला आणि भाऊ सनीला. तिन्ही मेसेजपुढे घड्याळाचं चिन्ह आलं आणि तिथेच राहिलं. नेटवर्कची काडी गेली होती.

आणि बॅटरी! आत आली तेव्हा निम्मी होती. टॉर्च आणि गारठा, दोघांनी मिळून तिचा फडशा पाडला होता. आता दोन टक्के. जुना फोन, म्हणून योगिनीच्या एप्रनच्या खिशात पॉवर बँक कायम असायची. तिने केबल खोचली. स्क्रीनवर बॅटरीचं चित्र उमटलं आणि त्याखाली तिने हौसेने मराठीत करून घेतलेली अक्षरं आली.

बॅटरीचं तापमान कमी आहे. चार्जिंग थांबवलं आहे.

तिने केबल काढून फुंकर मारली, पुन्हा खोचली, उलटी करून खोचली. तेच. तिसऱ्यांदा तेच वाचताना स्क्रीन काळी झाली.

योगिनीचा असा संताप झाला की तो फोन भिंतीवर फेकावासा वाटला. इथे दोन माणसं गारठून मरायला टेकलीत आणि हा मेला स्वतःची तब्येत जपतोय! बाई, मला थंडी वाजतेय, मी आता काही खाणार नाही. पॉवर बँक भरलेली, केबल धडधाकट, फोन धडधाकट, आणि तरी चार्जिंग नाही. दाराशी उकिडवी बसून ती रडायला लागली. ती घाबरली होती, आणि त्या फोनवर चिडण्याच्या निमित्ताने तिला रडता आलं, एवढंच.

"नको गं बाय," अंधारातून कुसाबाईचा हात तिच्या पाठीवर आला. "काय म्हणतंय त्ये?"

"त्याला गार लागतंय म्हणे. ऊब मिळाल्याशिवाय चार्ज होणार नाही."

"मंग दे की ऊब. लेकराला देतो तशी." कुसाबाईने फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि सरळ ब्लाउजच्या आत, छातीशी धरला. फोनच्या त्या पहिल्या स्पर्शाने तिच्या तोंडून जोरात शिवी निघाली. केबल बाहेर लोंबत होती, टोकाला पॉवर बँक. दोघी एकमेकींना बिलगून एका रिकाम्या प्लास्टिक पॅलेटवर बसल्या, पाय पोटाशी घेऊन. द्राक्षांचा आंबटगोड वास सगळीकडे भरून राहिला होता, आणि योगिनीला त्याची मळमळ यायला लागली.

बसल्या बसल्या तिला सनी आठवला. नाशिक रोडला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मागच्या उन्हाळ्यात स्कूटीवर लावलेला हाच फोन भर उन्हात चार्ज होईना, तेव्हा ती त्याच्या दुकानात जाऊन भांडली होती. तेव्हा सनी म्हणाला होता, "ताई, तापलेली बॅटरी चार्ज केली तर फुगते, गारठलेली केली तर आतून कायमची बिघडते. म्हणून तिला चिकटून मोहरीएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. तो सांगतो आणि चार्जिंगची चिप ऐकते. तो नाही म्हणाला तर तू हजार रुपयांचा चार्जर लाव, काही उपयोग नाही. आणि त्याला बिचाऱ्याला जगाचं काही कळत नाही. त्याला चिकटलंय तेवढंच त्याला कळतं." तेव्हा तिला ते सनीचं नेहमीचं पाल्हाळ वाटलं होतं.

"हाललं गं!" कुसाबाई एकदम ओरडली. "गुरगुरलं!"

फोन चार्ज घेऊ लागला होता. स्क्रीनवर छोटी वीज चमकत होती, आणि तेवढ्या उजेडात दोघींनी एकमेकींचे चेहरे पाहिले. कुसाबाईचे ओठ काळेनिळे पडले होते आणि ती हसत होती. थोडं भरू देऊन योगिनीने फोन चालू केला, छातीशी कवटाळून दाराकडे नेला, हात उंच केला. वीज चमकायची थांबली. उघड्यावर फोन क्षणात गार झाला होता. तरी काडी आली! तिने शेठचा नंबर दाबला, एक रिंग गेली, आणि फोन बंद पडला. गारठलेली बॅटरी घेत नाही, तशी देतही नाही, हे सनीने तिला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा त्यांनी तेच केलं आणि दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा फोन योगिनीने स्वतःच्या पोटाशी धरला, आणि तो गुरगुरलाच नाही. तिला कळेना, असं का? मग कळलं, आणि कळल्यावर ती इतकी घाबरली की तिचे दात वाजायचे थांबले. फोन तापवायला आता त्यांच्या अंगात ऊब उरली नव्हती. ऊब हवी तर नेटवर्क नाही, नेटवर्क हवं तर ऊब नाही, आणि आता तर दोन्ही नाही.

"झोप येतीया, ताई," कुसाबाई म्हणाली.

"झोपायचं नाही! मावशी, उठा. उठा म्हणते ना!" योगिनीने तिला गदागदा हलवलं. दोघी अंधारात जागच्या जागी उड्या मारत राहिल्या. उड्या मारता मारता योगिनी मनात सनीशी भांडत होती. त्याला चिकटलंय तेवढंच त्याला कळतं म्हणे! मग हे एवढं मोठं मशीन तरी कुणाला विचारून चालतं?

ती थांबली.

मशीनलाही सेन्सर होता. ती रोज त्याचा फोटो काढायची, परदेशी खरेदीदाराला पाठवायला. मागच्या भिंतीवर, पंख्याच्या खाली, काळ्या वायरला लोंबणारं करंगळीएवढं स्टीलचं टोक. ते जे सांगेल तेच मशीनला खरं. गाडी भरताना दार जास्त वेळ उघडं राहिलं की ते टोक गरम व्हायचं, तसं थोडा वेळ राहिलं की शेठच्या मोबाईलवर धोक्याचा मेसेज जायचा, आणि शेठ असतील तिथून धावत यायचे. जीवनच्या सगळ्या शिव्या त्या मेसेजच्या नावाने असत.

"मावशी, ते टोक गरम करायचं. आतमध्ये ऊन झालंय असं मशीनला वाटायला हवं."

"वढून तोडू का मंग? मशीनच बंद पडंल."

"नाही. मागच्या महिन्यात उंदराने वायर कुरतडली होती, सकाळपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. तोडलं तर मेसेज जात नाही. गरमच करायला हवं." आणि मग तिने दुसरी गोष्ट सांगितली, जी सांगायला तिला जड गेलं. "पण मशीनला गरम वाटलं की ते अजून गार हवा सोडणार. थांबणारच नाही. आपल्याला आत्ता लागतंय त्याच्यापेक्षा जास्त लागेल. आणि माल गोठला तर माझी नोकरी गेली."

"मालाचं मरू दे," कुसाबाई म्हणाली. "कुठंय त्ये टोक?"

रांगांमधून चाचपडत दोघी मागच्या भिंतीपाशी गेल्या. बॉक्सची चळत चढून जाताना पुठ्ठा पायाखाली चेपत होता, आत मणी फुटत होते. दिवसभर ज्या बॉक्सच्या कोपऱ्याला पोचा आला म्हणून योगिनीने बायकांना बोल लावले होते, त्याच बॉक्सवर ती आता गुडघे टेकून चढत होती. कुसाबाई तिच्या पुढे होती. वर पंख्याची हवा थेट तोंडावर येत होती.

"मुठीत धरू?"

"हात गार पडलेत आपले. तोंडात धरा. ताप बघायला धरतात तसं."

कुसाबाईने टोक तोंडात घेतलं, आणि त्यानंतर तिला बोलता येईना. योगिनी तिला मागून मिठी मारून बसली. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसरचा आवाज चढला. एरवी तो अधूनमधून दम घ्यायचा, आता घेईना. वारा कापत होता. योगिनीच्या कानांची जाणीव गेली, मग नाकाची. कुसाबाईचं अंग झटके देत होतं आणि हळूहळू ते झटके कमी व्हायला लागले, तेव्हा योगिनीने बळेच तिच्या तोंडातून टोक काढलं, स्वतःच्या तोंडात घेतलं आणि तिला खाली ढकललं.

"दाराशी जा. तिथे वारा कमी लागेल." हे तिला म्हणायचं होतं. टोक दातांत धरून जे निघालं ते कुसाबाईला कळलं की नाही कोण जाणे, पण ती घसरत खाली गेली.

आता योगिनी वर एकटी होती. मेसेज गेला असेल का? शेठने वाचला असेल का, की तोही कापला असेल? धातू जिभेला बोचत होता, लाळ हनुवटीवरून गळत होती. आईला भाजी आणायची राहिली, असं काहीतरी तिच्या मनात आलं. आपण मरणार ते इथे, बाजारात पाठवायच्या मालावर पालथं पडून, याची तिला लाज वाटली, मग दुःख झालं, मग तेही गार पडलं. फक्त तोंड बंद ठेवायचं, एवढंच तिने धरून ठेवलं.

दिवा लागला.

उजेडाने तिचे डोळे मिटले. उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि धनराजशेठ आत आले होते, बनियनवर घाईने कोट चढवलेला, पायात घरातल्या सपाता, हातात टोचायचा थर्मामीटर. दाराशी कुसाबाई मुटकुळं करून पडली होती. शेठ तिच्या पायांना वळसा घालून पुढे आले. गोणपाट पडलंय असं त्यांना वाटलं असावं. पहिल्याच पॅलेटशी ते वाकले, बॉक्सची पट्टी फाडली, घडातला मणी तोडून तोंडात टाकला, चावला. मग दुसऱ्या बॉक्समधला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"माल ठीक आहे रे," ते फोनवर जीवनला म्हणाले. "थंडगार आहे. सेन्सरच खराब झालाय बहुतेक. तू सावकाश ये, मी दार लावून घेतो."

योगिनीने ओरडायचा प्रयत्न केला. टोकाभोवती जबडा आवळला गेला होता, नुसता घोगरा आवाज निघाला आणि पंख्यात विरून गेला. शेठ वळले, दाराकडे निघाले. तेव्हा ते गोणपाट हललं आणि त्यातून निघालेल्या हाताने त्यांचा पाय धरला.

"माल गार हाय, शेठ," कुसाबाई म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "आम्ही बी हाय."

शेठ किंचाळले. थर्मामीटर हातातून पडला. "अगं! तू, तू इथे काय करतेस? कोट तर बाहेर सगळे..." मग त्यांनी कुसाबाईच्या बोटाच्या दिशेने वर पाहिलं. चेपलेल्या बॉक्सच्या ढिगावर त्यांची क्वालिटीची मुलगी बसली होती, केसांवर दव, ओठ निळे, आणि ओठांतून काळी वायर गेलेली.

"योगिनी? अरे देवा! उतर, उतर खाली! सोड ते, सोड आधी!"

तिने मान हलवली. नाही.

"अगं, दार उघडलंय! आता काय भीती? सोड ते तोंडातून!"

तिने पुन्हा मान हलवली आणि बोट दाराकडे केलं, आधी कुसाबाईला बाहेर न्या. शेठ या टोकासाठी धावत आले होते. ते गार पडलं असतं तर ते परत सोफ्यावर गेले असते, आणि हे दोन मिनिटांपूर्वी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता त्यांच्यावर विश्वास ठेवायचं बळ तिच्यात नव्हतं.

शेठने कुसाबाईला काखेत धरून उभं केलं. एका हाताने स्वतःचा कोट काढून तिच्या अंगावर टाकला आणि तिला ओढत, अडखळत ते दाराकडे निघाले. योगिनी वरून बघत होती. कुसाबाईचा दुसरा पाय उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत तिने ते टोक दातांतून सोडलं नाही.